घणाखाली गेलेला म्हातारदेव

माजरीजवळच्या त्या खेड्यात मुखरू विणकराइतका देवभोळा माणूस नव्हता, आणि दीक्षेनंतर त्याच्याइतका कडवाही कोणी उरला नाही. आपल्याकडे माणूस एका टोकावरून सुटला की थेट दुसऱ्याच टोकावर जाऊन आदळतो.

छप्पन साली तो चांद्याच्या बौद्ध दीक्षेला पायी गेला. परतला आणि घरोघरचे देव गाड्यात भरून वर्धेच्या डोहात सोडून आला. बरंच केलं. ज्या देवांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला देवळाच्या उंबऱ्याबाहेर उभं केलं, त्यांचा पुळका कोणाला?

राहिला तो म्हातारदेव. मुखरूच्या घरामागे निंबाखाली मांडीएवढा दगड होता, त्यावर बोटभर जाड शेंदूर. मुखरूची बायको सुगंधाबाई तीस वर्षं दर अवसेला त्याला तेल-शेंदूर लावत आली होती.

"अजी, याले राहू द्या. हा कोणाले कोंबडं मागत नाई," ती म्हणाली.

"दगड तो दगडच," मुखरू म्हणाला.

बाया त्याला गुपचूप पाण्यातून काढून आणतील, हे तो ओळखून होता. म्हणून दगड नदीवर नेऊन काठावरच त्याने त्यावर घण घातला, तीन घाव, आणि तुकडे डोहात फेकले. घरी एवढंच सांगितलं, सोडला पाण्यात.

हिवाळ्यात नव्या विहाराच्या मांडवात गुणवंतराव मास्तर दर रविवारी चांद्याहून येऊन वाचून दाखवत. एकदा चीनच्या बादशहांची गोष्ट निघाली. एक बादशहा बुद्धाला डोक्यावर घेई, विहारांना जमिनी देई. दुसरा म्हणे, हे भिक्खू ना शेत कसतात ना कर देतात, आणि हा परमुलखाचा धर्म आम्हाला कशाला? भिक्खू व्हायलासुद्धा सरकारचा कागद लागायचा. अकराशे वर्षांपूर्वी एकाने तर हजारो विहार पाडले, भिक्खूंना घरी हाकललं, तांब्याच्या मूर्ती वितळवून नाणी पाडली आणि लोखंडाच्या मूर्तींची शेतीची अवजारं केली.

"मुडदा बसवला त्याचा!" मागून कोणी तरी ओरडलं.

"बसलाच. वर्षभरात मेला, आणि पुढच्यानं विहार पुन्हा उघडले," मास्तर हसले. "आपल्याकडे मात्र विहार गेले ते गेलेच. बुद्धाच्या मूर्ती तेवढ्या लोकांनी नाव विसरून, शेंदूर फासून सांभाळल्या. मांडी घातलेली, तळहात मांडीवर, कान लांब."

सुगंधाबाई उभी राहिली. "आमचा म्हातारदेव तसाच होता. माह्या हाताले ठाऊक हाये."

मांडवात एकच गलका झाला. विहारात मूर्ती नव्हती, नुसती कागदाची तसबीर होती. वैशाखात पाणी उतरलं की म्हातारदेवाला काढायचं आणि बुद्धजयंतीला विहारात बसवायचं, असं तिथंच ठरलं.

मुखरू तेव्हाच बोलला असता तर! पण लोक त्या बादशहाला शिव्या देत होते आणि याच्या तोंडाला कुलूप बसलं. पुढे मागावर बसायचा आणि धोटा हातात तसाच राहायचा. नदी आटू नये असं त्याला वाटे. पण साकडं घालणार कोणाला? देव सगळे डोहात, आणि बुद्ध तोही डोहातच.

वैशाखात डोह कमरेएवढा झाला. सुगंधाबाई बायांना घेऊन उतरली, तळ चाचपत राहिली आणि एकाएकी हसली. "सापडला!" तिने वर काढला तो मोडलेला गुडघा होता, त्यावर एक तळहात. शेंदूर पार धुऊन गेला होता.

 काठावरून मुखरू म्हणाला, "मीच फोडला. तुमी काढून आणसान म्हणून."

"तोंड कुठी हाये?" सुगंधाबाईने विचारलं.

"चुरा झाला. पयला घाव तोंडावरच घातला."

सुगंधाबाई रडली नाही. तुकडा छातीशी धरून म्हणाली, "त्या चीनच्या राजाले ठाऊक तरी होतं, आपण कोणाले फोडून राह्यलो ते."

मग ती पुन्हा वाकली आणि उरलेले तुकडे शोधू लागली. मुखरू पाण्यात उतरायला निघाला, तर तिने नुसता हात वर करून त्याला काठावरच थांबवलं.