पाटावरची लाल माती

त्या पाटाची आठवण निघाली की आजही मला माझ्या उजव्या हाताची लाज वाटते. पेन्शन घेऊन डोंबिवलीला मुलाकडे राहायला आलो त्याला बरीच वर्षं झाली. नोकरीतले दरोडे, खून बरेचसे विसरलो. हे एवढंसं प्रकरण मात्र डोक्यातून जात नाही. नावं कोणाचीच लिहीत नाही. त्यातल्या काहींची मुलंबाळं अजून कल्याणात आहेत.

मी तेव्हा जमादार होतो. पाऊस सरल्यावर ठाण्याहून हुकूम आला की डोंगरावरच्या थंड हवेच्या गावी जाऊन हंगामाची चौकी सांभाळा. चौकी म्हणजे दोन खोल्या. एकीत मी, एक शिपाई आणि रोजनामचा, दुसरी कोठडी. गुन्हे म्हटले तर माकडाने मडमेची टोपी पळवली किंवा ओझ्यावरून हमालाहमालांत जुंपली, एवढेच. मला तर बढतीच्या नावाखाली सुट्टीवर पाठवल्यासारखं वाटलं.

त्या वर्षी डोंगराचा कारभार बघणाऱ्या साहेबाने प्रदर्शन भरवायचं काढलं. मोठा तंबू ठोकला. मडमांनी रंगवलेली चित्रं, डोंगरातल्या ठाकर आदिवासींनी कोरलेल्या काठ्या, टोपल्या, असं काय काय मांडलं. सगळ्यात उठून दिसत होती ती कल्याणच्या एका म्हाताऱ्या कुंभाराची शाडूची गणपतीची मूर्ती. हातभर उंच, पाटावर बसवलेली. आणि डोळे? मी जन्मभर गणपती बघत आलो, पण तसे डोळे परत बघितले नाहीत. साहेब तर खुळावलाच. पहिलं पदक हिलाच, म्हणाला, आणि प्रदर्शन संपलं की काचेच्या पेटीत घालून विलायतेच्या संग्रहालयात पाठवतो.

पहिल्या दिवशी तंबू सगळ्यांना खुला होता. माळी, धोबी, हमाल, त्यांच्या बायका, सगळे लोटले. ही माणसं पावसाळाभर वर ओस बंगले राखत बसतात, त्यांना भाद्रपदात गणपती कुठला दिसायला? मूर्ती बघितल्याबरोबर कोणी फूल ठेवलं, कोणी अक्षता वाहिल्या, एकीने उदबत्ती लावली. रांग मीच लावत होतो. मीही हात जोडले. साहेब गर्दी बघून खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी मूर्ती गायब! पाट जागच्या जागी, मूर्ती नाही. साहेबाने स्वतः फिर्याद दिली. मूर्तीबरोबर वर आलेल्या कुंभाराला बोलवावं म्हटलं तर तो उजाडताच डोंगर उतरून घरी गेला होता. मी पंच बोलावून पंचनामा केला. त्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, ‘पाट एक, त्यावर मूठभर ओली लाल माती, चोराच्या पायाची असावी.’ वाचणाऱ्यांच्या लक्षात आलंही असेल. माझ्या आलं नाही. त्या डोंगरावर जिथे तिथे लाल मातीच, माझ्या स्वतःच्या बुटांनाही तीच लागलेली.

तासाभरात खबर मिळाली. पखालवाला म्हणाला, झुंजूमुंजू होताना एक ठाकर हमाल डोक्यावर काहीतरी झाकून तलावाच्या वाटेने जाताना दिसला. त्याच्या झोपडीवर गेलो, तर कुडावर लाल कापड वाळत घातलेलं. आदल्या रात्री तंबू बंद करताना मूर्तीवर झाकलेलं तेच कापड. आणखी काय हवं? मी त्याला धरून आणला. शिपायाने तलावाकाठची झाडी पिंजून काढली. पाण्यात बघायचं दोघांनाही सुचलं नाही.

तिशीचा असेल तो. काटक, शांत. पोलिसासमोर बसलेला माणूस पाय हलवतो, थुंकी गिळतो, दाराकडे बघतो. हा तसलं काही करत नव्हता. मूर्ती तूच नेलीस का? हो, म्हणाला. कुठे आहे?

“पाट जाग्यावर ठेवलाय ना,” तो म्हणाला.

मी परत विचारलं. परत तेच. तिसऱ्यांदा तो जरा नवलानेच माझ्याकडे बघत म्हणाला, “जमादार, पाट जाग्यावर ठेवलाय.” मला वाटलं, हा माझी टिंगल करतोय. मी त्याच्या कानाखाली वाजवली. कोणाच्या सांगण्यावरून नेलीस, या प्रश्नाला तर त्याने तोंडच उघडलं नाही.

साहेबाला मॅजिस्ट्रेटचे अधिकार होते. दुसऱ्या दिवशी दुपारी खटला. चोरी शाबीत झाली तर बाजारात फटके बसणार आणि हमालीचा बिल्ला जाणार. बिल्ला गेला की डोंगरावर ओझं उचलता येत नाही, म्हणजे घरची चूल बंद. त्याची बायको चौकीच्या पायरीशी येऊन बसली होती. रडत नव्हती, नुसती बसली होती. मला तिचा राग येत होता. का, ते तेव्हा कळत नव्हतं.

धरून आणला त्याच दिवशी दुपारी मुद्देमालाला सील करायला बसलो. पंचांत एक पाववाला होता, कल्याणचा कोकणी मुसलमान. मी यादी वाचून दाखवली आणि पाटावरची माती कागदाच्या पुडीत भरायला लागलो. तो हळूच म्हणाला, “जमादार, रागवू नका. आमच्या शेजारी कल्याणला गणपती पोचवून येतात ना, ते पाटावर अशीच माती घेऊन येतात. ही तुमच्याच लोकांची रीत ना?”

माझा हात तिथंच थांबला. अहो, दर भाद्रपदात खाडीवरून पाट घेऊन येणारा मीच! पाटावर मूठभर रेती आणायची, गणपतीच्या जागेवर पाट ठेवायचा, आरती म्हणायची. लहानपणापासून करत आलो. आणि चोर कधी पाट परत आणून ठेवतो का?

पुडीला सील ठोकून ती खिशात घातली, शिपायाला चौकीवर बसवलं आणि डोंगर उतरलो. आगगाडीने कल्याण गाठलं, कुंभारवाड्यात गेलो. म्हातारा अंगणात बसला होता, समोर चाक थांबलेलं. ठाकराला कोठडीत घातलंय म्हटल्यावर तो दचकून उठला.

त्याने सांगितलं ते असं. मूर्ती त्याच्या मुलाच्या हातची. मुलगा श्रावणात तापाने गेला. डोळे त्यानेच आखले होते, ते शेवटचे. घरात सुतक, त्यामुळे मूर्ती तशीच राहिली. साहेबाचा माणूस प्रदर्शनासाठी काही मागायला आला तेव्हा म्हाताऱ्याने तीच दिली. कुंभाराचं सगळं काम पाण्यात जातं, निदान पोराचं एक तरी काचेत राहील, बघायला मिळेल कोणाला तरी, एवढाच त्याचा हेतू. पण लोकांनी पूजा केली. पूजलेला गणपती पेटीत कसा घालायचा? रात्रभर तो मूर्तीसमोर बसून राहिला. पहाटे ठाकराला उठवलं. हा ठाकर दर वर्षी कल्याणला उतरून घरोघरचे गणपती डोक्यावरून खाडीवर नेतो. दोघांनी मिळून तलावावर विसर्जन केलं. मग म्हाताऱ्याला तिथं थांबवेना, म्हणून तो घरी निघून आला.

“पण कोणाला सांगायचं तरी!” मी म्हणालो.

“सांगितलं की,” म्हातारा म्हणाला. “पाट ठेवला, पाटावर माती ठेवली. याच्यावर काय सांगायचं? साहेब परका, त्याला नाही कळायचं. पण तुम्ही होतात ना तिथं?”

मी त्याला साहेबापुढे येऊन हेच सांगायला सांगितलं.

पहाटेच्या गाडीने आम्ही निघालो. म्हाताऱ्यासाठी मी घोडा करायला निघालो तर नको म्हणाला, सगळा चढ पायी चढला. साहेबापुढे जबानी दिली की मूर्ती माझी, मीच पोचवायला सांगितली, फटके मारायचे तर मला मारा. साहेबाने त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग फिर्याद काढून घेतो म्हणाला. माणूस वाईट नव्हता.

मी कोठडी उघडली. चुकलो म्हणायला पाहिजे होतं. जमादाराने ठाकराला तसं म्हणायची तेव्हा पद्धत नव्हती, आणि मीही पद्धतीच्या आड लपलो. त्याच्या गालावर माझी बोटं अजून दिसत होती. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. म्हाताऱ्याला विचारलं, “बाबा, माती घेतलीस का? घरी न्यायची राहिली ना?”

मी खिशातून पुडी काढली, सील तोडलं. म्हाताऱ्याने ती माती उपरण्याच्या पदरात बांधली आणि गाठ दोनदा ओढून बघितली. ठाकराने पाट डोक्यावर घेतला आणि त्याला स्टेशनापर्यंत पोचवायला गेला. बायकोही त्यांच्या मागोमाग गेली.

पुढे मी फौजदार झालो. हाताखालच्या पोरांना एकच सांगत आलो, की आरोपी एकच वाक्य तीनदा म्हणाला तर चौथ्यांदा प्रश्न विचारू नका, ते वाक्य लिहून घ्या. का, ते कोणाला सांगितलं नव्हतं. त्या ठाकराने माझ्या प्रश्नाचं खरं उत्तर तीनदा दिलं होतं, आणि चौकीतला जो एक माणूस दर वर्षी तो पाट स्वतःच्या हातांनी घरी आणत होता, त्यानेच त्याला मारलं.