आठ दिवसांची मम्मी

"सिस्टर, हिच्या डोक्यात उवा नाहीत ना?"

बाईने हे मला नाही, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरांना विचारलं. मग पर्समधून बॉलपेन काढलं आणि त्याच्या टोकाने माझे केस इकडून तिकडे सरकवले. हात लावला नाही. हात लावायचाच नव्हता तर घरी कशाला नेत होती, हे तेव्हा सुचलं नाही. मी दहा वर्षांची होते.

आम्ही सिस्टरांच्या अनाथाश्रमातल्या मुली. नाताळच्या आधीच्या रविवारी मिस्सेची प्रार्थना संपली की आम्हाला चर्चच्या हॉलमध्ये ओळीने उभं करायचे. भाईंदरमधली खातीपिती कॅथलिक कुटुंबं यायची, एकेक मुलगी निवडायची, आठ दिवस घरी न्यायची. पुण्यकर्म. गोऱ्या आणि लहान आधी जायच्या. मी काळी, थोराड. दर वर्षी उरायचे. त्या वर्षी या बाईला थोराडच हवी होती.

का, ते जेसल पार्कच्या तिच्या फ्लॅटमध्ये कळलं. "नाताळला आमच्याकडे गेस्ट फार येतात," ती म्हणाली आणि मोरीतला भांड्यांचा ढीग दाखवला. झोपायला स्वयंपाकघरात चटई. वर एक नियम.

"चर्चमध्ये मम्मी म्हणायचं. घरी आंटी. समजलं ना? नीट वागलीस तर कायमची ठेवून घेऊ."

कायमची. या एका शब्दासाठी मी चार दिवस भांडी घासली. खोटं कशाला बोलू, मला घर हवं होतं. दाराजवळच्या रॅकमध्ये माझ्या चपला कुठे ठेवायच्या, तेसुद्धा मी मनात ठरवून टाकलं होतं.

नाताळच्या संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये कार्यक्रम. या आठ दिवसांच्या आईबापांचा सत्कार. शाल, गुच्छ, टाळ्या. कुणीतरी तिला माउली म्हणालं आणि बाईने मान अशी खाली घातली, जणू पवित्र मरियेचा पुतळाच. मग माइक माझ्यापुढे आला. बाई कानाशी कुजबुजली, "बोल, थँक यू मम्मी."

भांड्यांच्या पावडरने माझ्या बोटांना चिरा पडल्या होत्या. मी माइकमध्ये बोलले, "थँक यू आंटी. भांडी घासून झालीत. मला आश्रमात सोडा."

बाईचा नवरा हसत म्हणाला, "घाबरली बिचारी." मी घाबरले नव्हते. मला रडू येत होतं, कारण घर गेलं होतं, आणि ते मी माझ्या तोंडाने घालवलं होतं. परतताना रिक्षात सिस्टर एकच शब्द बोलल्या. "नमकहराम."

मी आजही कॅथलिक आहे. मिस्सा चुकवत नाही. म्हणूनच या लोकांची जास्त किळस येते. संत योसेफाने पोटचा नसलेला येशू वाढवला, त्याचे आभार मानून घ्यायला हॉल भरवला नाही. त्या योसेफाची तसबीर यांच्या भिंतीवर, दिव्याच्या माळेसकट. आणि आत चटईवर दुसऱ्याची पोर.

आता फॉस्टर केअर आलंय. मूल आश्रमात न ठेवता एखाद्या कुटुंबाने सांभाळायचं. योजना चांगली आहे, मी तिच्यासाठीच काम करते. अर्ज केलेल्या कुटुंबांची घरं बघायची आणि अहवाल द्यायचा. गेल्या महिन्यात भाईंदरच्याच इंद्रलोक भागात एका घरी गेले. चहा, बिस्किटं, गोड बोलणं.

"मॅडम, मुलगी कॅथलिकच द्या हं. दहा-बारा वर्षांची चालेल. सकाळी टिफिनला हात लागतो."

"झोपणार कुठे?"

"आश्रमातली पोर ती. कुठेपण झोपेल."

संध्याकाळी त्या कुटुंबाच्या चर्चमधल्या फादरांचा फोन. "चांगलं कुटुंब आहे, बाळ. पोरगी आपल्या धर्मात राहील. प्रार्थना तरी विसरणार नाही."

"फादर, मला सगळ्या प्रार्थना पाठ होत्या. भांडी घासताना म्हणायचे."

ज्या मुलीसाठी हे चाललं होतं ती अकरा वर्षांची आहे. पिशवी भरून तयार बसलेली. मी दिसले की विचारायची, "ताई, ठरलं काय?" तिला काय हवं होतं, ते मला कुणी शिकवायची गरज नाही. तरी मी अहवालात नकार लिहिला. कारणाच्या जागी लिहिलं, यांना मुलगी नकोय, बिनपगारी मोलकरीण हवी आहे.

मग आश्रमात जाऊन तिला स्वतः सांगितलं. ते घर नाही, दुसरं शोधतेय. ती खूप रडली. पिशवी माझ्या अंगावर फेकली. आता माझ्याशी बोलत नाही.

नाही बोलली तर नाही. फादर वरपर्यंत तक्रार करणार आहेत. खुशाल करू देत. जोवर या कागदावर माझी सही लागते, तोवर असल्या घरात एकही पोर जाणार नाही.