आमच्या ब्राझीलचे सर

ब्राझीलवर खुद्द ब्राझीलमध्येही कोणी करत नसेल इतकं प्रेम आमचे शेजारी करतात. बोईसरच्या एका शाळेत ते दहावीला भूगोल शिकवतात. हा माणूस वापीच्या पलीकडे कधी गेलेला नाही, पण बोलताना 'आमच्या ब्राझीलमध्ये' असंच म्हणतो. दहावीच्या पुस्तकात भारताच्या जोडीला ब्राझील आला, तेव्हापासून यांचं डोकं फिरलं, असं त्यांच्या बायकोचं मत आहे. घरात कॉफी उकळली की तिकडचं हवामान ऐकल्याशिवाय ती कोणाला मिळत नाही. डावं-उजवं त्यांना चालत नाही. रिक्षावाल्याला एकदा 'नैऋत्येला घे' म्हणाले. तो बिचारा यूपीचा. "सरजी, ये नैऋत्य नवापूर नाके के आगे पडता है क्या?" झालं, सर भर रस्त्यात उतरून त्याला सूर्य दाखवू लागले आणि मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ.

माझं नळ-पाइपांचं दुकान आहे. जतहून एकटा आलो, कारखान्यात पाट्या उचलल्या, मग हे उभं केलं. गिऱ्हाईक किती पाण्यात आहे ते मला पायरीवरच कळतं. सरांपुढे मात्र माझं काही चालत नाही. ते नळ हातात घेतात, हा कुठल्या गावाहून आला ते विचारतात, तासभर बसतात आणि काहीही न घेता जातात. एकदा क्षेत्रभेट म्हणून अख्खा वर्गच दुकानात आणला. मी पोरांना सरबत दिलं. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मुलांनो, हे पाहा स्थलांतर!" दुसऱ्या दिवशी फळ्यावर सांगली जिल्ह्यातून बोईसरपर्यंत एक बाण, खाली माझं नाव. इथे पोरं झाली, रेशनकार्ड झालं, गणपती मंडळाचा मी खजिनदार, आणि हा माणूस मला बाण म्हणतो! तो राग अजून गेलेला नाही. जाब विचारला तर म्हणाले, "शेठ, सगळ्यांत जाड बाण तुमचाच होता."

पण दिवाळी सरली आणि सर दुकानात आले ते नळाला हात न लावताच. त्यांच्या वर्गातली जयवंती, पूर्वेकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची, आईबापाबरोबर वीटभट्टीवर निघाली होती. म्हणजे दहावी बुडाली. "शेठ, तुम्ही घासाघीस करता. एकदा माझ्यासाठी करा."

पाड्यावर गेलो तर जयवंतीच्या बापाला आगाऊ उचल दिलेला भट्टीचा मुकादम अंगणातच बसलेला. जयवंतीचा बाप म्हणाला, "आमी दोघा विटा पाडू, तर बारक्याला कोण सांभाळील? पोरीबिगर नाय जमत, शेठ." यावर सर ब्राझीलमधली माणसं गाव का सोडतात ते सांगू लागले. "सर, तुम्ही गप्प बसा!" मी ओरडलो आणि मुकादमाकडे वळलो. दोनदा मी चपला घालून निघालो, दोनदा त्याने परत बोलावलं. शेवटी सौदा पटला, तुटलं ते असं: बारक्यासाठी आजी जाईल, पोरगी माझ्या घरी राहील, पण शेवटचा पेपर झाला की त्याच दिवशी भट्टीवर. परतताना सर इतके खूश, की मला चक्क "डावीकडे वळा" म्हणाले.

मग परीक्षा होईपर्यंत माझ्या घरात ब्राझील नांदला. सर रोज संध्याकाळी येत. जयवंतीबरोबर माझी बायकोही ऐकायला बसे. तिला ॲमेझॉनच्या उपनद्या पाठ झाल्या आणि मला गार आमटी. एकदा जयवंतीने विचारलं, "सर, तिकडं जंगल तोडतात, मग तिथली माणसां कुठं जातात?" सरांनी पुस्तक मिटलं आणि तो प्रश्न आपल्या वहीत लिहून घेतला.

शेवटचा पेपर भूगोलाचाच. सर घंटेच्या आधीपासून केंद्राबाहेर उभे. जयवंती धावतच आली. "सर, नकाशा अख्खा भरला!" सर पुढचं विचारणार, तेवढ्यात मुकादमाची जीप येऊन थांबली. शब्द दिलेला होता, पोरगी गुपचूप मागे जाऊन बसली. "आणि आलेख? आलेख काढलास ना?" सर जीपमागे चालत विचारत होते. तिने मान हलवली, पण हो म्हणाली की नाही, ते धुळीत कळलं नाही.

ठरल्याप्रमाणे सगळं झालं होतं, तरी मी कमीत तोडलं असं पहिल्यांदाच वाटलं. सर चष्मा पुसत परत आले. "शेठ, निकाल लागला की अकरावीसाठी पुन्हा बोलाल त्या मुकादमाशी?"

"बोलेन," मी म्हटलं. घासाघीस न करता मी हो म्हटलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट.