न मागितलेलं चित्र
मुलीच्या लग्नपत्रिकेचा नमुना परवा पत्रिकावाल्याच्या कॉम्प्युटरवर दिसला, तेव्हा वर गणपती आधीच टाकलेला होता, आणि मला एकदम उल्हासनगरच्या त्या छापखान्यातला शाईचा आणि रॉकेलचा वास आला. नव्वदच्या आसपासची गोष्ट. बुद्धवंदना आणि बेलवलीतल्या आमच्या बायकांनी रचलेली गाणी, असं छोटंसं पुस्तक आईनं तिथं छापायला दिलं होतं. सुरुवातीच्या चित्रासाठी तिनं स्वतः बोधिवृक्षाचं पान काढलं होतं, शिरांसकट. पुस्तकं आणायला आम्ही दोघी गेलो, गठ्ठा सोडला तर पहिल्या पानावर तिच्या चित्राऐवजी गणपती. "ताई, ये तो हम हर किताब में डालते हैं, शुभ होता है," छापखान्याचा मालक म्हणाला, "ब्लॉक रेडी था, पैसा नहीं लगाया." जणू उपकारच केले. आई म्हणाली, "पहिल्या चित्रावरून कळतं, आपण कुणाच्या घरात आलोय. हे आमचं घर नाही." "भगवान ही तो है, क्या फरक पड़ता है?" "फरक पडतो म्हणून तर माझ्या वडिलांनी धर्म बदलला." दुसऱ्याच दिवशी विहारात कार्यक्रम होता, पुन्हा छापायला वेळ नव्हता. तिनं ब्लेड मागितलं, स्टूल ओढलं आणि एकेका पुस्तकातलं ते पान नीट कापून त्याच्यापुढे रचलं. "हे तुमचं, तुम्हाला परत." मला अजून राग येतो तो त्या 'क्या फरक पड़ता है'चा. परवाचा पत्रिकावालाही म्हणाला, "मॅडम, सगळ्यांच्याच पत्रिकेवर असतो." मी म्हटलं, "काढा," आणि स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसले.