पूजेला बसवलेला कॉम्प्युटर

बाबांचा आवाज आमच्या घरात एकाच ठिकाणी उरला होता, बैठकीतल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी त्यांचं स्वरयंत्र काढलं आणि देवळात भजन गाजवणारा हा माणूस दाराच्या चौकटीवर बोटांनी टकटक करून आम्हाला बोलावू लागला. त्याआधीच्या एका भजन सप्ताहाचं रेकॉर्डिंग तेवढं कोणीतरी आम्हाला करून दिलं होतं. रोज सकाळी चहा झाला की बाबा खुर्चीत बसायचे आणि मी ते लावायचो. त्यांना भजनाचं फार कौतुक नव्हतं. त्यात मध्येच ते पखवाजवाल्यावर खेकसतात, "काऊन रे, जेवून नाई आला का? हात चालव." त्या खेकसण्यासाठी ते बसलेले असत. ते आलं की खांदे हलवून हसायचे, बिनआवाजाचं.

पोळ्यापासून कॉम्प्युटर नाटकं करू लागला. भजन ऐन रंगात आलं की स्क्रीन गोठायची आणि बाबांचा एकच स्वर किर्र करत अडकून पडायचा. बाबा ऑपरेशननंतर गळ्यावर बांधलेल्या फडक्याला हात लावायचे. मला ते बघवत नसे. हे यंत्र एक दिवस आवाजासकट बसणार, ही भीती मला लागून राहिली.

बासरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकणाऱ्या पुतणीनं फोनवर उपाय सांगितला. "काका, लिनक्स टाका, फुकटची सिस्टीम आहे. जुन्या मशिनीवर मस्त चालते. जुन्याच्या बाजूला जागा करून घेते ते. पण पहिले सगळं कॉपी करून ठेवा."

घरात पेनड्राईव्ह एकच होता आणि त्यावर लिनक्सच भरावं लागलं. माझ्या फोनमध्ये फोटो काढायलाही जागा नव्हती. दुसरा पेनड्राईव्ह आदिलाबादहून आणायचा तर माझं दुकान दिवसभर बंद ठेवावं लागणार. मुहूर्त काढत बसलो तर यंत्र त्याआधीच मान टाकेल, असं मला वाटलं. धोका एकच दिसत होता, मध्येच लाईट जाण्याचा. म्हणून मेव्हण्याकडून लाईट गेली तरी कॉम्प्युटर चालू ठेवणारी बॅटरी मागून आणली, वायरी टेपनं चिकटवल्या, मांजराला कोंडलं. स्वतःवर जाम खूश होतो.

दुकान बंद म्हणून दिवस निवडला तो खंडेनवमीचा. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं एकूण एक अवजार धुऊनपुसून पूजेला लागतं. विळे, फवारणीचा पंप, दुकानातला तराजू, आईची शिलाई मशीन, मोटारसायकल. हळदीकुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी फुलं उतरेपर्यंत त्याला काम सांगायचं नाही. हे सगळं बाबा करतात, लहानपणापासून बघत आलो. पूजा दुपारी असते, माझं काम सकाळीच उरकेल, असा माझा हिशेब.

पेनड्राईव्हवरून नवी सिस्टीम सुरू झाली, मी सगळं नीट निवडलं आणि डिस्कमधली जुनी जागा सरकवायचं काम चालू झालं. मध्येच बंद करू नका, असं स्क्रीनवर लिहून आलं. ती पट्टी मात्र मुंगीच्या पावलानं पुढे सरकत होती. आईनं हाक मारली, वावरातून झेंडूची फुलं आणून दे म्हणून. तिला म्हटलं, "त्याले कोनी हात लावू नोका." ती पुरण वाटत होती, हो म्हणाली.

फुलं घेऊन परतलो तर बैठकीत ओल्या फडक्याचा वास होता. कॉम्प्युटर लखलखीत पुसलेला, त्याच्या सीपीयूच्या डब्यावर हळदीची बोटं, त्याखाली कुंकू. बॅटरीची पिन भिंतीतून काढून नीट गुंडाळून ठेवलेली, आणि डब्याची वायरही. पंख्याचा आवाज नव्हता.

आईनं सांगितलं तेव्हा उलगडलं. मी गेल्यावर स्क्रीन आपोआप काळी झाली असणार. बाबांना वाटलं, बंदच आहे, फक्त पिन राहिली. तरी ते विचारायला आत आले होते. चौकटीवर टकटक केली, बैठकीकडे बोट दाखवलं, मग मूठ वळवून पिन ओढल्याची खूण केली. आईला वाटलं, पूजेसाठी माचिस मागतात. तिनं होकाराची मान हलवली.

मी डब्याकडे हात नेला तर तिनं अडवलं. "आता नोको. पूजा लागली त्याची. उद्या लाव."

बाबा शेजारीच उभे होते, झेंडूची माळ हातात घेऊन. ते डब्याला माळ घालत होते आणि मी ती सरळ करायला मदत केली. संध्याकाळभर घरातली सगळी यंत्रं फुलांखाली गप्प होती. शेजारी टीव्ही चालू होता, पोरं फटाके उडवत होती, आणि मला भिंतीपलीकडून त्या डब्याचंच दडपण येत होतं. जेवण गेलं नाही. आई म्हणाली, पुरण बिघडलं का?

दसऱ्याला सोनं लुटून आलो. बाबांनी फुलं उतरवली, स्वतः पिन लावली आणि नवा सदरा सावरत खुर्चीत बसले. मी बटन दाबलं. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली, डिस्कवर काही सापडत नाही म्हणून. परत पेनड्राईव्हवरून चालू केलं. निळं, स्वच्छ चित्र आलं. जुनी जागा उघडायला गेलो, उघडेना. पुन्हा गेलो. जिथं बाबांचं भजन होतं, तिथं एक राखाडी पट्टी होती आणि तिच्यावर रिकामी जागा असं लिहिलेलं होतं. आदिलाबादच्या दुरुस्तीवाल्यानंही पुढे हात टेकले, पण मला तिथंच कळून चुकलं होतं.

बाबांना नवं चित्र आवडलं. त्यांनी अंगठा वर केला. चहाचा कप खाली ठेवला, स्पीकर उचलून कानाशी धरला आणि रोजच्यासारखे वाट बघत बसले. मग माझ्याकडे वळून त्यांनी हवेत दोन बोटं फिरवली, आवाज वाढव म्हणून.