खिळ्यावरचा टॅब्लेट

आमच्या मुरबाड तालुक्यात ग्राफिक्स टॅब्लेट भिंतीला खिळा ठोकून टांगणारा पहिला माणूस मी आहे. दुसरा अजून झालेला नाही.

मी पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, लग्नमांडवातलं ‘सुस्वागतम्’, सगळं ब्रशनं. म्हसा गावची जत्रा आली की बाळूशेठ मिठाईवाल्यांचा बोर्ड ठरलेला, तो माझ्याकडेच. अक्षरात मला तोड नव्हती. फक्त बैल जमायचा नाही. जत्रा बैलांची, म्हणजे बोर्डावर बैल हवाच, आणि माझा बैल दरवर्षी थोडा कुत्र्याकडे झुकायचा. (एक गिऱ्हाईक तर त्याला ‘यू यू’ करून पुढं गेलं!)

मग फ्लेक्स आले. त्या वर्षी बाळूशेठ दारात उभे राहूनच म्हणाले, “पेंटर, औंदा कॉम्प्युटरवरचा फ्लेक्स पायजे. जमत नसंल तर कल्याणला देतो.”

“जमतं की!” माझ्या तोंडून निघून गेलं. घरात कॉम्प्युटर होता, नाही असं नाही. मेव्हण्यानं दिलेला जुना. त्यावर मी फक्त पत्ते खेळायचो.

“बैल हसरा पायजे. आनि तोंडात जिलबी.”

“हसंल की! न हसून सांगतो कोणाला?”

रात्री माउसनं बैल काढून बघितला. बटाटा झाला. आता काय? जत्रेचा बोर्ड कल्याणला गेला असता, तर म्हशात तोंड दाखवायची सोय उरली नसती. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितलं, कॉम्प्युटरवर पेनानं चित्र काढायची एक पाटी मिळते, तिला ग्राफिक्स टॅब्लेट म्हणतात. शहापूरच्या एका दुकानात दोन आहेत, एक लहान, एक मोठा.

निवडायला मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सोबत नेलं. अण्णांचं अख्खं आयुष्य म्हशाच्या बाजारात बैल पारखण्यात गेलेलं. त्या बाजाराचा रिवाज असा, की जनावर कितीही आवडो, मालकासमोर त्याची तारीफ करायची नाही.

“पाठ बारीक हाय,” अण्णांनी मोठ्या टॅब्लेटवरून हात फिरवत सुरुवात केली. “रंग पन मेलेला. याचं तोंड कुटं?”

“याला तोंड नसतं, काका,” दुकानदार म्हणाला.

“बग! तोंड बी नाय. जरा चालवून दावा.”

दुकानदारानं बिचाऱ्यानं तो कॉम्प्युटरला जोडून चालवून दाखवला. ते मी नीट बघायला हवं होतं. पण मी तेव्हा दोन्ही टॅब्लेट वितीनं मोजत होतो!

“तुम्ही नवीन आहात ना, लहान घ्या,” दुकानदार म्हणाला. “लहानावर काढलेलं चित्र पाहिजे तेवढं मोठं करता येतं.”

मला हसू आलं. हा मला शिकवणार! मोठ्या अक्षराला मोठा बोर्ड लागतो हे पेंटरला सांगावं लागतं का? मी ऐटीत म्हणालो, “मोठा बांधा.” दुकानाबाहेर पडल्यावर अण्णा कानाशी लागले, “बेस जनावर हाय.”

घरी बायकोनं, सुरेखानं, टॅब्लेटला ओवाळलं आणि मी भिंतीला खिळा ठोकला. पेंटर मांडीवर घेऊन रंगवत नसतो, त्याला बोर्ड समोर उभा लागतो. टॅब्लेटला टांगायला भोक नव्हतं (बनवणाऱ्याच्या लक्षात आलं नसेल), म्हणून सुतळीनं आवळला. वायर वरून येऊन बोर्डावर लोंबायला लागली, म्हणून टॅब्लेट फिरवून वायर खाली केली. काय देखणा दिसत होता! ओळ सरळ यावी म्हणून निळीत बुडवलेली दोरी त्यावर ताणून टपकन मारलीसुद्धा. मग पेन उचलून झोकात बैलाची पाठ काढली.

काही उमटेना. पोट काढलं, शिंगं काढली. निळीची रेघ सोडून टॅब्लेट कोरा!

“फसवला रे आपल्याला!” मी ओरडलो.

सुरेखा मागं तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, “अवो, तिकडं काय बगता? इकडं उमटतंय.”

मी वळलो. मागच्या टेबलावर, कॉम्प्युटरच्या पडद्यावर, बैल होता. फक्त त्याचे पाय आभाळाकडे आणि पाठ जमिनीला. मी घाईनं दुरुस्ती करायला गेलो, तर पेन वर नेलं की रेघ खाली, उजवीकडे नेलं की डावीकडे. त्या गडबडीत जिलबीही काढून झाली.

अण्णा चष्मा पुसत पुढं आले. “मेला काय रे?”

आणि नेमके त्याच वेळी बाळूशेठ आत आले! त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“पेंटर, हा तर माजी जिलबी खाऊन मेल्यासारका दिसतोय! मी जातो कल्याणला.”

“बसा वो शेठ, चा घ्या,” सुरेखा म्हणाली. तिनं खिळ्यावरून टॅब्लेट उतरवला, पदरानं नीळ पुसली, फिरवून वायर पलीकडे केली आणि सूप घ्यावं तसा तो मांडीवर घेतला. ती रोज तशीच तांदूळ निवडते. बोटं सुपात, डोळे टीव्हीवरच्या मालिकेत. एक खडा कधी सुटलेला नाही!

“हाताकडं बगू नका, समोर बगा,” ती मला म्हणाली. “सोपं हाय.”

आणि तिचा हात चालायला लागला. पाठ आली, वशिंड आलं, एक शिंग जरा वाकडं आलं. तो तिच्या माहेरचा बैल होता, मी त्याला ओळखतो. आणि तो हसत होता! खोटं कशाला सांगू, माझी छाती अशी फुगली की शर्टाची बटणं तपासावी लागली. अंगणात रोज हिच्या रांगोळीवरून मी चपला घालून जायचो, आणि बैल मात्र स्वतः काढत बसायचो.

“वैनी, जिलबी जरा मोटी पायजे,” बाळूशेठ खुर्ची ओढत म्हणाले.

“होईल की. लहान काडली तरी पायजे तेवडी मोटी होते,” म्हणत तिनं माझ्याकडे बघितलं. मी चहा टाकायला आत गेलो.

टॅब्लेटवर अक्षरं काढायला मी तिच्याच हाताखाली बसून शिकलो आणि लिहिली. सही मात्र खालच्या कोपऱ्यात तिचीच करायला लावली, चांगली ठसठशीत.

जत्रेत फ्लेक्स लावायला मी स्वतः शिडीवर चढलो. गुंडाळलेल्या फ्लेक्सची वरची दोन टोकं बांधली, गुंडाळी खाली सोडली, आणि बायकोची कला कोण कोण बघतंय ते मी वरून अभिमानानं बघायला लागलो. सगळं म्हसा बघत होतं. सगळं म्हसा हसत होतं!

“अवो, खाली बगू नका,” सुरेखा ओरडली. “समोर बगा!”

समोर बघितलं. खालच्या कोपऱ्यातली तिची सही माझ्या नाकासमोर होती, शिडीच्या अगदी वरच्या पायरीपाशी.

खालून अण्णांचा आवाज आला, “परत मेला काय रे?”