कॉइलकडे जाणाऱ्या दोन रेषा

नोरीन भित्रीच बाई. आयुष्यभर लोकर कातरणाऱ्यांच्या टोळ्यांना रांधून घातलं, दांडगट गड्यांना नुसत्या नजरेने गप्प बसवलं. पण साधा बल्ब बदलायचा तरी नवऱ्याला, देसला, हाक मारायची. विजेची तिला भयंकर धास्ती. देस होता तोवर निभलं. गेल्या हिवाळ्यात तो गेला आणि तळ्याकाठचा पंप तिच्या गळ्यात पडला. एका जुन्या गाडीचं लाल इंजिन काढून देसने तो पंप चालवला होता. घराच्या छपरावरचे फवारे त्याच पाण्यावर. आमच्याकडे वणव्यात घर वाचतं ते फवाऱ्यांनीच, दुसऱ्या कशाने नाही.

त्या दुपारी वणवा टेकडी उतरून खाली यायला लागला. रस्त्यावर झाडं कोसळून वाट बंद. भर दिवसा अंधारलं. नोरीनने किल्ली फिरवली, इंजिन लागलं. किल्ली सोडली, मेलं. पुन्हा फिरवली, लागलं, सोडली, मेलं. तिच्या पाचावर धारण बसली. तिने गावात क्लॅरीला फोन लावला. क्लॅरी म्हणजे देसचा दोस्त, म्हातारा मेकॅनिक.

"क्लॅरी, मी मरते रे आज!"

"मर सावकाश. आधी शेडमध्ये त्या गाडीचं मॅन्युअल शोध. मागे वायरिंगचा डायग्राम असेल."

देसची शेड म्हणजे उकिरडा मेला! जुने पट्टे, खिळ्यांचे डबे, फाटके बूट. तिने सगळं इकडेतिकडे फेकत तळाचं तेलकट पुस्तक उपसलं. मागचं घडीचं पान उलगडलं आणि तिला रडूच फुटलं.

"अरे, इथे नुसत्या शेवया सांडल्यात!"

"तो अख्ख्या गाडीचा आहे, बाई. तुझ्या पंपाला दिवे आहेत? वायपर? हॉर्न?"

"नाहीत."

"मग खोड. पंपाला जे नाही ते सगळं खोडून टाक. मग कॉइल शोध, इंजिनाला ठिणगी पुरवते ती डबी, आणि तिच्याकडे—"

फोन गेला. नोरीन हॅलो हॅलो करत राहिली.

तिने सुताराची पेन्सिल घेतली. इतक्या जोराने खोडलं की दिव्यांबरोबर कागदही फाटला. वायपर खोडले, हॉर्न खोडला, रेडिओ खोडला. बाहेर कुंपणाचे लाकडी खांब फटाफट फुटत होते, आणि ही बाई जीव मुठीत धरून रेघोट्या मारत होती! शेवटी बॅटरी, किल्ली, स्टार्टर आणि कॉइल एवढंच उरलं. तिने बोट ठेवून बघितलं. कॉइलकडे दोन रेषा जात होत्या. एक स्टार्टरकडून, म्हणजे किल्ली धरून ठेवली तेवढाच वेळ वीज देणारी. दुसरी किल्लीकडून, इंजिन लागल्यावरची.

"किल्ली सोडली की मरतं, म्हणजे दुसरी तुटलीय!" ती एकटीच ओरडली.

मग बॅटरीतून थेट कॉइलला वीज दिली तर? देसची चिमट्यांची वायर तिथेच लोंबत होती. आयुष्यात जिला हात लावला नाही ती वायर घेऊन ती पंपाकडे धावली. तिने डोळे मिटून एक चिमटा बॅटरीला लावला, दुसरा कॉइलला. ठिणगी उडाली तशी तिने किंकाळी फोडली, पण चिमटा सोडला नाही. किल्ली फिरवली. सोडली. इंजिन चालूच राहिलं.

छपरावर पाणी उडायला लागलं. थेट विजेने कॉइल तापत होती. नोरीन तिच्यावर ओली फडकी बदलत तिथेच उकिडवी बसून राहिली. धूर इतका की घर दिसेना. आग दोन्ही अंगांनी गर्जत आली, गवत खाल्लं, कोंबड्यांचं खुराडं खाल्लं आणि पुढे गेली.

रस्ता मोकळा झाल्यावर क्लॅरी आला. घर उभं होतं. इंजिन अजून धडधडत होतं. तो वायर काढायला वाकला तशी नोरीनने त्याचं मनगट धरलं.

"आग गेली गं. सोड आता."

"बंद केलं आणि परत लागलंच नाही तर?"

"किल्लीची वायर मी नवी टाकतो ना."

"हात लावू नकोस म्हटलं ना!"

"पेट्रोल संपत आलंय, नोरीन."

तिने मनगट सोडलं नाही. क्लॅरीने हलकेच हात सोडवून घेतला, आपल्या गाडीतून पेट्रोलचा कॅन आणला, टाकीत ओतला आणि तिच्या शेजारी बसला.